परदेशातली वस्तू कोल्हापुरात मागवायचीय? फॉरवर्डर निवडायच्या आधी टेप हातात घ्या

आमच्या पेठेत फुटबॉलचा नाद किती हे सांगायला नको. धाकट्या भावाचा पाय एवढा लांब की त्याच्या मापाचे बूट इथं मिळेनात, शेवटी अमेरिकेतल्या एका साइटवर मिळाले पण ती साइट भारतात पाठवत नाही. अशा वेळी फॉरवर्डर लागतो, म्हणजे तिकडं त्याचं गोदाम असतं, आपल्याला त्या गोदामाचा पत्ता आणि आपला एक नंबर मिळतो, दुकानवाला माल तिथं पाठवतो आणि तिथनं हे लोक आपल्याकडं. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या खेपेला माझा खिसा चांगलाच रिकामा झाला.

पहिलं काम, वस्तू आणता येते का ते बघा. ड्रोनची आयात 2022 पासून बंद आहे, ई-सिगारेट 2019 पासून. सुटी लिथियम बॅटरी, परफ्यूम असलं विमानानं पाठवायला बरेच जण नाही म्हणतात, आणि माल गोदामात पोचल्यावर हे कळलं तर तो परत पाठवायचा खर्च आपल्याच बोडक्यावर.

आता खरी गोम वजनाची. साइटवर "अर्ध्या किलोला एवढे" असा मोठ्या अक्षरात रेट असतो, तो बघून भुलू नका. विमानाच्या कुरिअरला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात आणि बहुतेक ठिकाणी 5000 नं भागतात, ते आकारमानाचं वजन, आणि काट्यावरच्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर पैसे त्याचे. आमचे बूट किलोभराचे पण नव्हते. बुटाचा डबा 34 × 22 × 13, म्हणजे जवळपास 2 किलो. पण दुकानवाल्यानं तो डबा 45 × 35 × 25 च्या खोक्यात कागद कोंबून पाठवला, झाले 8 किलो! फॉरवर्डरनं तसंच पुढं ढकललं आणि मी 8 किलोचे पैसे भरले. त्यामुळं खातं उघडायच्या आधी चॅटवर विचारा: कितीनं भागता, खोकं बदलून लहान करून देता का आणि त्याचे किती, दोन-तीन ऑर्डरी एकत्र बांधता का, गोदामात किती दिवस फुकट ठेवता. सरळ उत्तर आलं नाही तर दुसरा बघा.

गोदाम कुठल्या राज्यात आहे तेही बघा. ओरेगन किंवा डेलावेअरचा पत्ता असेल तर सेल्स टॅक्स लागत नाही. पत्त्यात आपला नंबर मात्र विसरू नका, मी विसरलो आणि पार्सल बारा दिवस तिथं बेवारस पडलं.

मग कस्टम. ड्युटीचे दर बजेटात बदलत असतात, तेव्हा ऑर्डरीच्या दिवशी चालू दर बघा. ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसते, भाडं आणि विमा धरून असते. मात्र विमानानं आलेल्या मालाचं भाडं किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही असा नियम आहे, म्हणून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे मालाची किंमत आणि ड्युटी लिहिलेल्या कस्टमच्या कागदाची, कॉपी मागून घ्या आणि स्वतः ताडून बघा. "गिफ्ट म्हणून लिहा" असा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, गिफ्टला ड्युटी माफ असायची ती सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटली. ड्युटी कोण भरणार हे पण आधीच विचारा, कारण कुरिअरवाले ती आपल्या वतीनं भरतात आणि वर त्याचा वेगळा चार्ज लावतात. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा, बँक वर दोन-तीन टक्के मार्कअप घेते तोही हिशेबात धरा.

केवायसीला आधार किंवा पॅनवर आहे तेच नाव खात्यावर टाका. घरात सगळे बंड्या म्हणत असतील तरी तिथं बंड्या चालत नाही.

राहिला शेवटचा टप्पा. फॉरवर्डर पुढं कुठल्या कुरिअरनं पाठवतो ते विचारा आणि त्या कुरिअरच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा. राजारामपुरी, शाहूपुरीत गाडी येते म्हणून गगनबावड्याला येईलच असं नाही. पत्त्यात "अमक्या तालमीमागं, तमक्या मंडळाच्या बोर्डाशेजारी" एवढं सगळं बसत नाही, म्हणून चालू मोबाइल नंबर टाकाच. आणि "पार्सल अडकलंय, लिंकवर पैसे भरा" असा मेसेज आला तर लिंक दाबू नका, ट्रॅकिंग नंबर साइटवर जाऊन तपासा.

दुसऱ्या जोडीच्या वेळी मी डबा पण काढून टाकायला सांगितला, बूट एकात एक घालून साध्या पिशवीत आले, दीड किलोच्या आत काम झालं. भावानं पिशवी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "डबा कुठाय?"