न्यूजलेटर स्पॅममध्ये का जाते? आर्थिक क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यातील एका म्युच्युअल फंड वितरकाच्या कार्यालयात मी रुजू झाले, तेव्हा गुंतवणूकदारांना दरमहा जाणारे मराठी न्यूजलेटर तयार करणे हे माझे काम होते. ते पोहोचते की नाही हे पाहणे मात्र कोणाचेच काम नव्हते. अहवालात ‘डिलिव्हर्ड’समोरचा आकडा भरघोस दिसे आणि आम्ही निर्धास्त असू. मग एकदा एका जुन्या गुंतवणूकदार काकांनी फोनवर विचारले, ‘‘तुमचं पत्र बंद केलंत का हो?’’ त्यांना स्पॅम फोल्डर उघडायला सांगितले, तर तिथे चार महिन्यांची पत्रे ओळीने पडलेली. ‘डिलिव्हर्ड’ याचा अर्थ समोरच्या सर्व्हरने पत्र स्वीकारले एवढाच असतो. स्वीकारून ते कुठे ठेवले, याविषयी तो शब्द काहीही सांगत नाही.

आपल्या क्षेत्राची अडचण अशी, की कर्ज, विमा आणि गुंतवणूक यांविषयी ठग जी भाषा वापरतात, जवळपास तीच आपल्यालाही वापरावी लागते. ‘तुमची केवायसी अपूर्ण आहे, त्वरित पूर्ण करा’ हा विषय मी स्वतः, पूर्ण प्रामाणिकपणे, एका पत्राला दिला होता. आज तो वाचताना मलाच तो फसवणुकीचा वाटतो. असे पत्र पाहून सावध वाचक ‘स्पॅम’चे बटण दाबतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. सुरुवातीला मी ‘मोफत’, ‘संधी’, ‘आजच’ असे शब्द शोधून काढण्यात कितीतरी दिवस घालवले, कारण विशिष्ट शब्दांमुळेच पत्र अडते असा माझा ठाम समज होता. शब्दांचा परिणाम होतो, पण थोडा. खरा निवाडा दोन गोष्टींवर ठरतो: पत्र खरोखर तुमच्याकडूनच आले आहे का, आणि ते घेणाऱ्याला हवे होते का.

पहिली गोष्ट तांत्रिक आहे आणि एकदा नीट केली की बव्हंशी सुटते. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,०००हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४पासून एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तिन्ही तपासण्या सक्तीच्या केल्या. याहूने तेव्हाच तशा अटी घातल्या आणि मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या पत्त्यांसाठी तोच मार्ग धरला. आपल्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातील ‘@’नंतरच्या भागाच्या, नावाने कोणत्या सर्व्हरांनी पत्र पाठवावे हे एसपीएफची डीएनएसमधील (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतील) नोंद सांगते, डीकिम ही पत्रावरची डिजिटल सही असते, आणि यांपैकी निदान एकाचे डोमेन वाचकाला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्यातील डोमेनशी जुळते का, हे डीमार्क तपासतो. नवखे इथेच फसतात. आपल्या वतीने न्यूजलेटर पाठवणारी सेवा स्वतःच्या डोमेनवर एसपीएफ उत्तीर्ण होते, पडद्यावर हिरवी खूण दिसते, आणि तरीही ‘फ्रॉम’मध्ये कार्यालयाचे डोमेन असल्यामुळे डीमार्क नापास होतो. ‘फ्रॉम’मध्ये मोफत जीमेलचा पत्ता घालून सेवेमार्फत पाठवलेल्या पत्राचीही तीच गत होते.

आमच्याकडे आणखी एक घोळ झाला होता. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची बिले जावीत म्हणून कोणीतरी डीएनएसमध्ये एसपीएफची दुसरी नोंद टाकली होती. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन सापडल्या की तपासणी त्रुटीचा शेरा देऊन थांबते आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. दोन्ही सेवा एकाच नोंदीत आणल्या, हे काम दहा मिनिटांचे होते. ते शोधायला मात्र आठवडा गेला. एका नोंदीसाठी डीएनएसमध्ये दहाहून अधिक शोध करावे लागले तरी ती बाद होते, हेही तेव्हाच कळले.

दुसरी गोष्ट अवघड, कारण ती माणसांशी निगडित आहे. गुंतवणूकदार मेळाव्यात दाराशी ठेवलेल्या वहीत लोकांनी लिहिलेले ईमेल पत्ते आम्ही सरसकट यादीत घालत असू. चहाच्या रांगेत उभे राहून घाईने लिहिलेले ते पत्ते होते. ‘जीमेल’चे ‘जीमिअल’ झालेले, ‘कॉम’चे ‘कॉन’ झालेले. चुकीच्या पत्त्यांवरची पत्रे परत येत, आणि बरोबर पत्त्यांवरच्या माणसांना आपण असे काही मागितल्याचे आठवत नसे. गूगलचे म्हणणे असे, की स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवाव्यात आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नयेत. हजारात तीन माणसे! एका मेळाव्याची वही तेवढ्याला पुरेशी असते.

हा आकडा पाठवणाऱ्यांसाठी असलेल्या गूगलच्या पोस्टमास्टर टूल्स या सेवेत दिसतो, पण तो वाचताना सावध राहावे. इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या पत्रांच्या तुलनेत तक्रारी किती, असा तो हिशेब आहे. पत्रे थेट स्पॅममध्येच जात असतील तर तक्रार करायला समोर कोणी उरतच नाही आणि आकडा शून्याजवळ दिसतो. आम्ही त्या शून्यावर दोन महिने खूश होतो.

नाव कमी करण्याची सोय लपवू नये, हे साहेबांना पटवणे मला सर्वांत जड गेले. ‘‘लोक सोडून जातील,’’ असे ते म्हणत. जाणारा जातोच, सोय सापडली नाही तर तो स्पॅमचे बटण दाबून जातो आणि उरलेल्यांचेही पत्र अडवतो. आता मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय पत्राच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक भागात, द्यावी लागते आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते.

मराठीत पाठवणाऱ्यांसाठी एक मुद्दा वेगळा आहे. साधारण १०२ केबीपेक्षा मोठे पत्र जीमेल मध्येच कापते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. आणि काही एडिटर प्रत्येक अक्षराचा आकडी संकेत करतात, तेव्हा एकाच अक्षराला सात बाइट लागतात. त्यातच वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराचे फॉरमॅटिंग आले, की पत्र भराभर फुगते. कापले जाते ते शेपूट, आणि शेपटातच बाजारातील जोखमीची सूचना व नाव कमी करण्याची लिंक असते. पाठवण्यापूर्वी एचटीएमएल फाइलचा आकार पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

यादी सुधारताना आम्ही वर्षभरात एकाही लिंकवर क्लिक न केलेल्यांना वगळले. ‘ओपन’चे, म्हणजे पत्र उघडल्याचे, आकडे धरले नाहीत, कारण ते पत्रातील चित्र उतरले की मोजले जातात, आणि २०२१पासून ॲपल मेल वाचकाने पत्र उघडण्याआधीच चित्रे उतरवून घेऊ शकते आणि न वाचलेले पत्रही वाचलेले दिसते. उरलेल्यांपैकी नियमित उत्तरे देणाऱ्यांना आधी पत्र जाऊ लागले, मग हळूहळू इतरांना. इनबॉक्स परत मिळायला तीन महिने लागले.

मेळाव्यातील वहीत आता ईमेलचा रकानाच नाही. लोक क्यूआर कोड स्कॅन करून स्वतः पत्ता भरतात आणि पडताळणीच्या पत्रातील लिंक दाबली तरच यादीत येतात. पूर्वी जिथे शंभर पत्ते मिळत, तिथे आता वीसेक मिळतात, आणि प्रत्येक मेळाव्यानंतर साहेब अजूनही विचारतात, ‘‘बस, एवढेच?’’