वेटर घेताना चाचणी शिफ्ट घ्या
मुलाखतीत छान बोलणारा माणूस गर्दीत गोंधळू शकतो. म्हणून पक्कं करण्याआधी २-३ तासांची चाचणी शिफ्ट ठेवा, आणि तिचे पैसे द्या. फुकट राबवलं तर चांगला माणूस पुन्हा फिरकत नाही. एकट्यावर टेबलं सोपवू नका, अनुभवी वेटरच्या जोडीला द्या. चौघांची ऑर्डर घेऊन ती परत म्हणून दाखवायला सांगा. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे त्याने स्वतःहून विचारलं का?

खरी पारख परतीच्या फेरीत होते. किचनकडे रिकाम्या हाताने जातो, की वाटेतल्या टेबलावरच्या उष्ट्या प्लेटा उचलून नेतो? ट्रे धरायला लवकर शिकवता येतं, ही नजर नाही. शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत थांबणार का, तेही आधीच विचारून घ्या.