परड्यातली झाडं आणि कोंबड्या: काय ठेवायचं, काय टाकायचं नाही

परड्यात, म्हणजे घरामागच्या अंगणात, कोंबड्या पाळायच्या ठरल्या की विषारी म्हणून कण्हेरीवर कोयता पडतो. मुंबईहून गावी परतलेली मंडळी तर हे हमखास करतात. गरज नाही. मोकळी फिरणारी गावठी कोंबडी कडू पानाला एकदा चोच लावते आणि वाळवी उकरायला पुढे जाते. घात होतो तो आपण खुराड्यात काय टाकतो त्याने. कोंडलेलीला निवड नसते. समोर हिरवं दिसलं की टोचणारच. लहान पिल्लांना तर मोकळं असूनही भेद कळत नाही.

म्हणून कण्हेर छाटली की फांद्या त्याच दिवशी उचलायच्या. तिचं विष हृदयावर जातं आणि पान सुकलं तरी ते तसंच राहतं. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बिया झाडून घ्यायच्या. पानफुटीची कुंडी उंचावर ठेवा, तीही हृदयालाच बाधते. रुई आणि घाणेरी वईवर, म्हणजे कुंपणावर, असतील तर असू देत.

एरंड, गुंज आणि धोतरा मात्र मी वईच्या आत ठेवत नाही. तिन्हींच्या बियांची भीती. कोंबडीला दात नसले तरी कलेजीबरोबर मिळतो तो पेठा गिळलेल्या खड्यांच्या जोरावर दाणे भरडतो. गुंजेचं कवच शाबूत राहिलं तर बी तशीच बाहेर पडेल, भरडली गेली तर कोंबडी हातची गेली.

आमच्याकडे बरेच लोक फसतात ते शेळ्यांमुळे. गिरीपुष्प, सुबाभूळ शेळ्या चवीने खातात, मग उरलेला पाला खुराड्यात जातो. सुबाभळीतलं विष शेळीच्या पोटातले जंतू मोडून टाकू शकतात. कोंबडीकडे ती सोय नाही. तिची वाढ खुंटते, अंडी कमी होतात. गिरीपुष्पाच्या बिया आणि साल तर उंदीर मारायला वापरतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

स्वयंपाकघरातून हिरवट बटाटे, त्यांचे कोंब, टोमॅटोचा पाला, कच्चा राजमा आणि अव्होकाडो देऊ नका. राजमा नुसता भिजवून चालत नाही, नीट उकडलेला असावा. अळू आपल्याला खाजतं, तसं त्यांनाही. आणि बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड? पावसाळ्यात तिला मी कुठल्याही झाडापेक्षा जास्त घाबरते.

खुशाल द्यावं असंही परड्यात पुष्कळ असतं: शेवग्याचा पाला, जास्वंद, तुळस, माठ, घोळ, भोपळा, काकडी, पिकली पपई. पालक थोडाच, कारण तो चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतो आणि अंड्याच्या कवचाला चुनाच लागतो. घरच्या झेंडूच्या पाकळ्या दिल्या की बलक छान केशरी होतो. दसऱ्याचं विकतचं तोरण मात्र नको, त्यावर काय फवारलंय कोण जाणे. पाल्याची जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगा, म्हणजे ती तुकडे तोडून खाते. लांब गवत सुटं टाकलं की गळ्याखालच्या पिशवीत त्याचा बोळा होतो. पोट भरायला कणी आणि खाद्यच हवं, पाला हे तोंडीलावणं.

एखादी अचानक लुळी पडली तर आधी बाकीच्यांना तिथून हलवा, मग पिशवी चाचपून बघा. ज्या झाडाचा संशय असेल त्याची फांदी आणि कोंबडी दोन्ही घेऊन गुरांचा दवाखाना गाठा. मेलीच, तर डॉक्टरांना पिशवी उघडून बघायला सांगा. बिया, पानाचे तुकडे तिथे सापडू शकतात. पण एकीमागून एक आजारी पडत असतील, हिरवट पातळ हगवण असेल, मान वळत असेल, तर झाडांना दोष देत बसू नका. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत हा साथीचा रोग, असू शकते. आजारी वेगळ्या काढा आणि लस कधी दिली होती ती तारीख डॉक्टरांना सांगा.