आकडे सभेत मांडायचे आहेत? आलेख असा निवडा

ग्रामसभेत, आंबा बागायतदारांच्या बैठकीत किंवा मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सभेत आकडे मांडायचे असतील, तर संगणक उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: हा आलेख बघून लोकांना काय कळायला हवं? ‘रत्नागिरीत पुरुषांपेक्षा बायका जास्त’ हे तुलनेचं वाक्य झालं. ‘सीझन सरतो तसा आंब्याच्या पेटीचा दर उतरतो’ हे काळाचं. ‘पेटीमागच्या खर्चात वाहतुकीचा वाटा किती’ हे वाट्याचं. वाक्य ठरलं की आलेखही जवळजवळ ठरतो. वाक्यच सुचत नसेल, तर साधा तक्ता द्या.

तुलनेला स्तंभालेख. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या रत्नागिरीत ११२२, सिंधुदुर्गात १०३६, रायगडात ९५९ आणि अख्ख्या राज्यात ९२९. चार आडवे स्तंभ काढा, मोठ्याकडून लहानाकडे. आडवे अशासाठी, की जिल्ह्यांची नावं सरळ वाचता येतात. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा: स्तंभ शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. ९०० पासून सुरू केलात तर रत्नागिरीचा स्तंभ राज्याच्या साडेसातपट लांब दिसेल, आणि खरा फरक आहे जेमतेम एकपंचमांश. मागच्या बाकावरचा माणूस आकडे वाचत नाही, लांबी बघतो. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांमुळे पडलेला हा फरक मुळातच मोठा आहे, तो फुगवायची गरज नाही.

काळानुसार होणारा बदल दाखवायला रेषालेख. वाशीच्या बाजारातला पेटीचा दर फेब्रुवारीपासून मेपर्यंत दर आठवड्याला टिपलात तर रेषाच बोलते. रेषेला शून्यापासून सुरुवात करायची सक्ती नाही, कारण तिथे डोळा चढउतार बघतो. महिन्याचा पाऊस मात्र त्या त्या महिन्याची बेरीज असते, त्याला स्तंभच बरे.

हापूसच्या उत्पादनाबाबत जास्त काळजी घ्या. हापूस एक वर्षाआड भरघोस धरतो. त्यामुळे गेलं वर्ष आणि हे वर्ष असे दोनच स्तंभ शेजारी ठेवले, तर ‘पीक कोसळलं’ किंवा ‘पीक दुप्पट झालं’ यातलं काहीतरी नक्की दिसणार, आणि दोन्ही दिशाभूल करणारं. निदान आठ-दहा वर्षांची रेषा काढा. करवतीच्या दात्यांसारखी ती वरखाली होईल. मग दोन-दोन वर्षांची सरासरी काढून दुसरी, जाड रेषा त्यावर टाका. बाग खरोखर खालावतेय का, ते या जाड रेषेवर दिसतं. एका वर्षाच्या आकड्यावर कलमं तोडायचा निर्णय घेऊ नये, म्हणून हे इतकं सांगतोय.

मासळीचा महिनावार आलेख असेल तर १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळावर फिकी पट्टी मारा आणि त्यावर ‘बंदी’ असं लिहा. नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल की पावसाळ्यात समुद्रातली मासळीच संपते.

वाट्यासाठी वृत्तालेख, म्हणजे पाय चार्ट. तो लोकांना आवडतो, पण सगळे भाग मिळून शंभर टक्के होत असतील आणि भाग तीन-चारच असतील, तरच वापरा. फवारणी, राखण, काढणी, पेटी, वाहतूक, दलाली असे सहा तुकडे झाले की कुठला मोठा ते कळत नाही. कोनांपेक्षा एका रेषेवरून निघालेल्या लांब्या माणसाला अचूक ताडता येतात, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. तेव्हा तिथेही स्तंभच काढा.

झाडाचं वय आणि फळांची संख्या यांचा संबंध बघायचा असेल तर आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर फळं घेऊन दर झाडाला एक ठिपका. फळांची वजनं कशी विभागली आहेत हे बघायचं असेल तर आयतालेख (हिस्टोग्राम), म्हणजे वजनाचे गट पाडून दर गटात किती फळं ते दाखवणारे एकमेकांना चिकटलेले स्तंभ.

सभेत वाटायच्या प्रती बहुतेक वेळा काळ्यापांढऱ्या झेरॉक्सच असतात. म्हणून रंगांवर विसंबू नका. रेषेच्या टोकाशी तिचं नाव लिहा, एक रेषा अखंड आणि दुसरी तुटक ठेवा, आणि वाटण्याआधी एक प्रत काढून बघा.