वाड्यातली नक्षीची बंदूक: या चुका टाळा

विदर्भातल्या जुन्या मालगुजारी वाड्यांत अजूनही एखादी तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची, बंदूक ओसरीवर टांगलेली दिसते. तिचं सर्वांत मोठं नुकसान दसऱ्याच्या आदल्या दिवशी होतं. भांडी घासावीत तशी चिंच-राख लावून ती घासतात. मामाजींच्या वाड्यात मी हे स्वतः पाहिलं. फडक्यावर पिवळी चमक आली, ते सोनं होतं. नळीवर उरले नुसते आडवे-उभे चरे, नखाला कानशीसारखे लागणारे. कोफ्तगिरीत, म्हणजे लोखंडावर सोन्याची नक्षी बसवण्याच्या कामात, कारागीर लोखंडावर आधी हे बारीक चरे पाडतो आणि केसासारखी सोन्याची तार त्यांवर ठोकून बसवतो. ती तार चऱ्यांच्या दातांनीच धरलेली असते. म्हणून नक्षीवर मऊ कोरडा ब्रश फिरवा, तोही हलक्या हाताने. नळीवर पाण्यासारख्या लहरी असतील तर पॉलिश पेपर लावूच नका. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून घडवलेल्या नळीची ती ओळख असते, आणि घासली की पुसट होते.

त्याआधी एक गोष्ट. जुनी आहे म्हणजे रिकामी आहे, असं धरून चालू नका. शंभर वर्षांपूर्वी ठासलेली दारूही पेट घेऊ शकते. नळीचं तोंड कुणाकडेही न धरता लाकडी काठी हळूच आत सोडा, नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा आणि ती बाहेरून नळीला लावून पहा. काठी रंजकाच्या कानापर्यंत, म्हणजे दारू पेटवायच्या बारीक भोकापर्यंत, पोचत नसेल तर काही उकरू नका, जाणकाराला बोलवा.

आपल्याकडे जवसाचं तेल हाताशी असतं, म्हणून तेच चोपडतात. ते हवेत वाळून चिकट पापुद्रा होतं आणि धूळ धरून बसतं. साध्या लोखंडाला शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात पुरे. हाताचा घाम खारा, म्हणून सुती हातमोजे घालूनच उचला. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला टेकवू नका, मखमलीत गुंडाळूनही ठेवू नका. कापड ओल धरतं. दस्त्याला वॉर्निश नको.

कागदपत्रांचंही पहा. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी जुन्या धाटणीची बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्यातून वगळलेली आहे, पण ते आपल्या मनाने ठरवू नका, पोलीस ठाण्यात विचारा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याने कुणाही व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. नीट जपलेली शस्त्रं पाहायची तर नागपूरच्या अजब बंगल्यात जा. १८६३ सालचं ते संग्रहालय आहे.

मामाजी आता शस्त्रपूजेला हळद-कुंकू नळीवर लावत नाहीत, समोरच्या पाटावर वाहतात.