ईमॅक्समध्ये मराठी लिहिताना कमांड का चालत नव्हत्या

मी रोजचं लेखन ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्येच करतो. मराठीसाठी सिस्टिमचा कीबोर्ड इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांची प्रमाणित कीबोर्ड मांडणी) टाकला की फाइल सेव्ह करणंही अडायचं. कारण साधं होतं: इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या कळीवर अनुस्वार आहे, त्यामुळे सेव्हची कमांड ज्याने सुरू होते त्या कंट्रोल-एक्सऐवजी ईमॅक्सला कंट्रोल-अनुस्वार मिळायचं आणि असली कमांडच त्याला ठाऊक नाही. प्रत्येक सेव्हला कीबोर्ड बदला, परत या. लिहिण्याची लय पार तुटायची.

उपाय ईमॅक्समध्येच निघाला. सिस्टिमचा कीबोर्ड कायम इंग्रजीवर ठेवला आणि इनिट फाइलमध्ये (ईमॅक्सच्या सेटिंगची फाइल) 'डिफॉल्ट-इनपुट-मेथड'ला, म्हणजे ईमॅक्सच्या स्वतःच्या टायपिंग पद्धतीच्या सेटिंगला, 'देवनागरी-इनस्क्रिप्ट' हे मूल्य दिलं (नावं अर्थात रोमन लिपीत). आता कंट्रोल-बॅकस्लॅश दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. कंट्रोलच्या कमांड दोन्हीकडे तशाच चालतात, कारण इनपुट मेथड फक्त टाइप होणारी अक्षरं बदलते. ही निवड प्रत्येक बफरपुरती (म्हणजे उघडलेल्या प्रत्येक मजकुरापुरती) वेगळी राहते, हे मला फार आवडलं: एकीकडे मराठी लेख, शेजारी इंग्रजी कोड. शोधतानाही तीच कळ चालते.

इनस्क्रिप्ट येत नसेल तर 'देवनागरी-आयट्रान्स' घ्या; त्यात रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करता येतं. अक्षर सापडेना झालं की कंट्रोल-एच आणि मग कॅपिटल आय. तिथे त्या पद्धतीची माहिती मिळते.