दारू, गोळ्या आणि घाई: या चुका टाळा

नागपुरात सक्करदऱ्याकडे माझं औषधांचं दुकान आहे. दारू वाईट आहे हे सांगायला हा लेख नाही, ते पिणाऱ्याला घरी रोज ऐकायला मिळतंच. आणि "थोडी घेतली तं हृदयाला चांगली" म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये साफ सांगितलं. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात दारू 1988 पासून आहे. ज्याला ऐकायचं नाही तो नाहीच ऐकत. मला वैताग येतो तो पिणारे आणि त्यांच्या घरचे पुन्हा पुन्हा करतात त्या चुकांचा. त्यातल्या बहुतेक घाईपायी होतात.

भाजीत कालवलेली गोळी

संध्याकाळची वेळ. दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून एखादी ताई हळूच विचारते, "भाऊ, दारू सुटायची गोळी द्या न. त्यांना कळू नाही पाहिजे, भाजीत टाकून देईन."

तिला हवी असते डायसल्फिरम. ती कशी काम करते हे समजलं तर कोणी भाजीत टाकणार नाही. पोटात गेलेल्या दारूचं यकृत आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं, आणि मग त्याचं साधं अ‍ॅसिटेट करून टाकतं. ही गोळी दुसरं काम बंद पाडते. मग माणूस प्यायला की विष रक्तात साचतं: तोंड लालबुंद, छाती धडधडते, डोकं ठणकतं, ओकाऱ्या होतात, बीपी पडतो. कधी हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. ज्याला हे माहीत आहे तो त्या भीतीने ग्लास हातात घेत नाही, आणि इलाज तोच आहे. ज्याला माहीतच नाही, तो नेहमीसारखा पिणार.

आमच्या ओळखीतल्या एका घरी हेच झालं. साळ्याच्या लग्नात जावईबापू मंडपामागे पहिला पेग घेऊन आले आणि पाच-दहा मिनिटांत लाल होऊन खुर्चीत कोसळले. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं अ‍ॅसिडिटी, एकाने सोडा पाजला. दवाखान्यात हार्ट अटॅक समजून तपासण्या सुरू झाल्या. ईसीजी झाला, रक्त गेलं, रात्रभर आयसीयूत. बायको बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली, बोलेना. सकाळी तिच्या भावाला पर्समध्ये अर्धी संपलेली स्ट्रिप सापडली, तो ती घेऊन माझ्याकडे आला, "हे कशाचं आहे?" कुठल्यातरी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. मी नाव वाचलं आणि त्याला म्हटलं, पळ, आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दाखव.

माणूस वाचला. दारू मात्र सुटली नाही. सुटलं ते बायकोच्या हातचं जेवण, आता तो डबा बाहेरून मागवतो.

माझा नियम सोपा आहे. डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, आणि गोळी ज्याला खायची आहे तो स्वतः काउंटरवर आला पाहिजे. त्याला तोंडावर सांगतो की शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो, आणि खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं तेही चालणार नाही. यावरून गिऱ्हाईक रागावून गेलं तर जाऊ दे. विजेच्या खांबावर चिकटवलेल्या "नशामुक्ती पावडर"च्या जाहिरातींबद्दल तर न बोललेलं बरं. पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आखाडीत रोज, श्रावणात एकदम बंद

आपल्याकडे वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं असतं: आखाडीत मनसोक्त, श्रावणात बंद, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मटणासोबत पुन्हा सुरू. महिन्यातून दोनदा पिणाऱ्याने असं केलं तर काही बिघडत नाही, यकृताला सुट्टीच मिळते. पण ज्याचा हात सकाळी घोट घेतल्याशिवाय कप धरत नाही, त्याने एका रात्रीत सोडणं धोक्याचं आहे. मेंदू वर्षानुवर्षं दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखा झालेला असतो, हात काढला की उसळतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम. पहिल्या-दुसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत काहींना भास सुरू होतात, वार कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत.

हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा एक जण. श्रावणाच्या पहिल्या दिवशी आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या वेचत होता, एकेक मुंगी चिमटीत धरून बाजूला ठेवायचा. चादरीवर एकही मुंगी नव्हती. खिडकीत कोणी उभं आहे म्हणून शिव्या देत होता. घरच्यांनी "बाहेरचं लागलं" म्हणून लिंबू उतरवलं, कोण्या बाबाला फोन केला. भाऊ माझ्याकडे आला तो शटर पाडायच्या वेळी, "झोपेची एक गोळी द्या न, झोपला की ठीक होईल."

विचारलं, रोज किती घ्यायचा? "दोन क्वार्टर." कधीपासून बंद? "परवा." अंगात ताप? "हो, आणि घाम." गोळी दिली नाही. 108 ला फोन लावून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे त्याला ठरावीक औषधं मोजून देत, नाडी-बीपी बघत उतरवलं. अशा पेशंटला थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, इंजेक्शनने देतात, आणि ते ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत. "अशक्तपणा आला" म्हणून गल्लीत नुसती ग्लुकोजची बाटली चढवून घेणारे हे विसरतात. थायमिनविना ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून रोजच्या पिणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा, मग श्रावण धरावा. मेडिकलला आणि मेयो या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. घरातून बाहेर पडायची लाज वाटत असेल तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. "मर्द आहे तं एका दिवसात सोड" म्हणणारे दोस्त झटका आल्यावर अँब्युलन्समध्ये बसत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

"बियरच तं पेली"

स्ट्राँग बियरची 650 मिलीची बाटली, अल्कोहोल 8 टक्के. हिशेब केला तर सुमारे 41 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम. म्हणजे एक बाटली झाली चार छोटे पेग, आणि दोन बाटल्या पिणारा स्वतःला बिनदारूवाला समजतो. यकृत तासाला साधारण एका छोट्या पेगाचा निकाल लावतं. लिंबू, ताक, कॉफी, अंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे इकडे येऊन पिणारे आणि रात्री वर्धा रोडने गाडी हाणत परत जाणारे कमी नाहीत. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, ती दोन बाटल्यांत कधीच ओलांडलेली असते.

मे महिन्यात पारा 45 वर असताना "थंडक म्हणून" बियर घेणं तर उलटंच. दारूने लघवी वाढते, अंगातलं पाणी जातं, उष्माघाताला आवतण मिळतं.

शुगरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेता आणि उपाशीपोटी पिता, तेव्हा यकृत दारू निपटण्यात गुंतून साखर सोडणं कमी करतं. शुगर रात्री दोन-तीनला, नाहीतर पहाटे पडते. घाम, बरळणं, तोल जाणं, सगळं नशेसारखंच दिसतं, म्हणून घरचे म्हणतात "झोपू द्या, उतरेल". अशा वेळी आधी ग्लुकोमीटर लावा. शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. चखन्याला जेवण समजू नका.

पडून डोक्याला मार लागलेल्या पेलेल्या माणसालाही "उतरेल" म्हणून झोपवतात. आत रक्तस्राव असेल तर तो उठतच नाही. डोक्याला टेंगूळ दिसलं की थेट दवाखाना. नुसता बेशुद्ध पडलेला असेल तर कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका, ओकारी श्वासनळीत जाते.

झोपेच्या गोळीवर दारू: कधीच नाही.

हँगओव्हरला डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्यावरची गोळी: जठरातून रक्त येऊ शकतं. रोज पिणाऱ्याला पॅरासिटामॉलही जपून, यकृत आधीच थकलेलं असतं.

लेकराला सर्दीत चमचाभर ब्रँडी: आजीबाई, हात जोडतो. गरोदर बाईला "थोडीशी": तेही नाही.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेली पुडी. एका गालात खर्रा, वरून दारू. दोन्हीचा तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसता जोडला जात नाही, कैक पटींनी वाढतो. नागपुरात हे सांगणं म्हणजे पावसाला थांब म्हणणं, पण सांगतो.

शेवटी मेट्रोनिडाझोल, जुलाबावर आणि दाताच्या दुखण्यावर सर्रास दिली जाते. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नाही. टिनिडाझोललाही तेच. मी स्ट्रिपच्या मागे पेनाने तारीख लिहून देतो, अमुक तारखेपर्यंत बंद. तरी दर शनिवारी कोणीतरी परत येऊन विचारतोच, "भाऊ, उद्याच्या दिवस गोळी नाही घेतली अन् पेली, तं जमते का?"

नाही जमत.